हाताला कळलं होतं

केंदूरच्या घरात ओळीनं चार मुली झाल्या, तेव्हा पाचवीचं नाव नकुशी ठेवलं. पुढच्या खेपेला मल्हारी झाला आणि नाव फळलं, असं सगळे म्हणाले. जिच्या कपाळी ते नाव आलं तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही. पोरगी अंगानं काटक, बोलायला कमी. माहेरी तिच्या वाट्याला खुरपणी आणि फुलांची तोडणी आली. एकोणिसाव्या वर्षी राहूच्या संपतशी लग्न लावून दिलं, आणि तिथंच माहेर संपलं. दिवाळीला माहेरी न्यायला मूळ यायचं, तेही चार-पाच वर्षांत थांबलं.

संपत राहूतल्या एका गुऱ्हाळावर कामाला होता. एक दिवस रसाची काहील उतरवताना त्याचा पाय घसरला, कमरेत लखकन कळ गेली आणि माणूस मटकन खाली बसला, तो चार माणसांनी उचलूनच घरी आणला. एक्स-रेच्या फोटोत काही निघालं नाही. हाडं शाबूत, पण पाठ लाकडासारखी झालेली. कुणी तेलानं चोळून पाहिलं, कुणी पाठीवर पाय देऊन पाहिलं. एका गड्यानं तर काखेत धरून असा हिसका दिला की संपतची शुद्ध हरपली. शेवटी पुण्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात सुलक्षणाबाई भेटल्या. सगळे त्यांना व्यायामाच्या डॉक्टर म्हणत.

बाईंची तऱ्हाच निराळी. तेल नाही, रगडणं नाही, हाडं कडाकड वाजवणं नाही. संपतला सतरंजीवर आडवं करायच्या, एक हात कमरेखाली सरकवायच्या, दुसरा पोटावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जिथं आखडलंय तिथं अजून थोडं आखडा. हां. आता सोडा. सावकाश, माझ्या हातात सोडा." हेच पुन्हा पुन्हा, तासभर. पहिले आठ दिवस नकुशीला वाटलं, ही बाई आपल्याला येड्यात काढतीय. मग एका सकाळी बाईंनी नकुशीचाच तळहात नवऱ्याच्या पाठीखाली घातला आणि त्याला आपल्या हाताचा आधार दिला. मुठीसारखं गच्च काहीतरी तिच्या बोटांखाली आणखी गच्च झालं, आणि मग लोण्याचा गोळा उन्हात कडेकडेनं विरघळावा तसं सैल पडत गेलं.

"कळ बसली की अंग भिऊन आवळून धरतं," बाई म्हणाल्या. "धोका सरला तरी सोडायचं कसं, तेच विसरून जातं. आपण फक्त आठवण करून द्यायची. बाकी काम त्याचं ते करतं."

चार महिन्यांत संपत आपल्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरला. तोवर नकुशी बाईंच्या हाताखाली इतर रोग्यांनाही धरू लागली होती. एकदा बाई सहज बोलून गेल्या, "नकुशी, तुझ्या हाताला ऐकू येतं गं." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं कौतुक केलं होतं. निघताना बाईंनी तिला समोर बसवून बजावलं, "ज्याचं दुखणं पडल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, ज्याला संध्याकाळी कणकण येते, जो काही कारण नसताना वाळतो, त्याला आपण हात लावायचा नाही. थेट डॉक्टरकडं पाठवायचं. आपल्या हातानं दुखणं कमी होतं ना, तोच धोका. आत आग असते आणि आपण धूर पुसत बसतो."

नकुशीनं मान डोलावली.

संपतला जड काम जमण्यातलं नव्हतं. शिक्रापुरात एका इमारतीच्या गेटवर त्याला वॉचमनची नोकरी मिळाली, आणि पाबळ चौकाच्या मागं दोघांनी खोली घेतली. मूलबाळ नव्हतंच. आसपास सगळ्या कामगारांच्या खोल्या, एकेका खोलीत पाच-पाच पोरं, दिवसपाळीची उठली की त्याच गादीवर रातपाळीची झोपणारी. रस्त्यावर चोवीस तास ट्रकांची घरघर. शेजारचा एक बिहारी वेल्डर मान वाकडी करून हिंडायचा. "दीदी, गर्दन घूमती ही नहीं," म्हणाला. चार दिवसांनी तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघू लागला, आणि नकुशीच्या दाराशी चपला वाढल्या. वायरच्या कंपनीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी आल्या. कंटेनरवाला एक ड्रायव्हर आला. पंधरा वर्षं क्लच दाबून त्याचा डावा पाय निजल्यावरही दाबतच राहायचा. नकुशीच्या हातांत तो पाय जेव्हा प्रथम जड होऊन पडला, तेव्हा तो बाप्या ओक्साबोक्शी रडला.

त्यातल्या कुणाकुणाला तिनं हात न लावता डॉक्टरकडं पाठवलंही होतं. बाईंचं बोलणं ती विसरली नव्हती. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

एका पावसाळ्याच्या अखेरीला मल्हारी तिच्या दारात उभा राहिला. वीस वर्षांत भाऊ पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याला लागला होता. सोबत त्याची थोरली पोरगी अक्षदा. बारावी होऊन तिला तिथल्याच त्या वायरच्या कंपनीत काम लागलं होतं.

"ताई, पोरीला तुझ्यापाशी ठेवतो," मल्हारी म्हणाला. "खोलीवर चार पोरींत ठेवायची म्हंजी जिवाला घोर. तुझ्याशिवाय हाय कोण आमचं हितं?"

नकुशीनं चहा टाकला. माहेराला आपण लागतो, आपल्यावाचून अडतं, ही गोष्टच तिला नवी होती. आणि पोरगी लाघवी. कामावरून आली की चपला काढायच्या आधी "आत्या, तुला आज काय झालं सांगू" म्हणून सुरू. संपतसुद्धा हसायला लागला. नकुशीच्या खोलीत माणसाचा आवाज भरला.

दिवाळीनंतर अक्षदाची पाठ धरली. खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधोमध. उभं राहून राहून झालं असणार, असं दोघींनाही वाटलं. नकुशीनं तिला सतरंजीवर घेतलं. "खांदे मागं घे, अजून थोडं, आता सोड." पोरीला लगेच उतार पडायचा. "आत्या, जादू हाय तुझ्या हातात," म्हणायची आणि कामावर जायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग आठ दिवसांनी. मग एकाआड एक दिवस.

संक्रांतीच्या सुमाराला नकुशीच्या हाताला वेगळं लागू लागलं. सोडायचं विसरलेलं अंग तिला ठाऊक होतं. ते हट्टी असतं, पण समजावलं की ऐकतं. हे तसं नव्हतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंचं मांस सैल पडायचं आणि तिनं हात काढायच्या आत पुन्हा ताठ उभं राहायचं, आत काहीतरी नाजूक आहे आणि त्यावर पहारा द्यायचाय, असं. पहाटे पाणी भरायला उठल्यावर पोरगी भिंतीला टेकून बसलेली दिसायची. "आडवं झालं की जास्त ठणकतंय." संध्याकाळी कपाळ कोमट लागायचं. युनिफॉर्मचा शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता.

तिन्ही खुणा. एक नाही, दोन नाही, तिन्ही.

"अक्षदा, उद्या सुट्टी टाक. आपण पाठीचा फोटो काढून येऊ," नकुशी म्हणाली.

"ट्रेनी हाय मी आत्या, खाडे झाले तर काढून टाकत्यात. आन् अण्णांना इचारल्याबिगर न्हाई."

नकुशीनं अण्णांना, म्हणजे मल्हारीला, फोन लावून फोटोचं विचारलं. दुसऱ्या दिवशी तोच आला, शेवंतीची पिशवी घेऊन. अक्षदा कामावर गेलेली. राहूच्या सर्जेरावांच्या घरून अक्षदाला मागणी आली होती. मोठं बागायती घर, सोसायटीत वजन, पोरगा विक्रम एकुलता. संपतच्या भावकीतलेच ते, म्हणून नकुशीच्या ओळखीवरच बोलणं पुढं सरकलं होतं.

"माघात सुपारी फोडायची म्हणत्यात," मल्हारी म्हणाला. "आता तू पोरीला दवाखान्याच्या दारात उभी केलीस आन् कुणी बघितलं, तर? 'पाठीची अधू हाय' म्हणून बोभाटा हुईल. मग कोण करंल तिला?"

"अरं पण तिला ताप येतोय, मल्हारी. मला लक्षण बरं दिसत न्हाई."

"उभं राहून अंग दुखतंय, त्येचा ताप. तू इतक्यांना बरं केलंस. दाजींना उठवलंस. घरच्या पोरीपुरताच तुझा हात चालत न्हाई व्हय?" मग त्यानं आवाज उतरवला. "ताई, आजवर मी तुला कायबी मागितलं न्हाई. लगीन हुईस्तवर सांभाळ. मग तिचं सासर बघंल. तूच हायस आम्हाला."

तूच हायस आम्हाला. एवढ्या तीन शब्दांना नकुशी हरली. पुढं वर्षभर तिनं स्वतःशी पुष्कळ वाद घातला, पण दरवेळी याच जागी येऊन थांबली. भाऊ गेल्यावर तिनं शेवंती पाण्यात ठेवली, संध्याकाळी सतरंजी अंथरली आणि पोरीच्या पाठीखाली हात घातला. आणि उतार पडला. तेच वाईट झालं. पडला नसता तर पोरगी कण्हली असती, अंथरुणाला खिळली असती, कुणीतरी उचलून नेलीच असती.

सुपारी फुटली. अक्षदा दोन तास पाटावर ताठ बसली, हसली, सगळ्यांच्या पाया पडली. तिला तसं बसता यावं म्हणून नकुशी तिला पहाटेपासून धरून होती.

होळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी अक्षदा शिक्रापुरातल्याच चाकण चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. तिच्या मैत्रिणीनं मागून सांगितलं ते असं, की बस आली, सगळ्या पुढं सरल्या, आणि अक्षदा म्हणाली, "माझे पाय कुठं गेले?" आणि खाली कोसळली. आदल्या आठवड्यापासून पाय जड वाटतात, चप्पल पायातून निसटून जाते आणि कळत नाही, हे ती नकुशीला म्हणाली होती. नकुशीनं त्या दिवशी पायही धरले होते.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात मशीनमधून फोटो काढले. मणक्याचा टीबी. दोन मणके पोखरलेले, त्यांतला पू आतल्या मज्जारज्जूवर दाबून बसलेला. ऑपरेशनच्या आधी कागद भरायला एक तरुण डॉक्टर आला.

"कधीपासून दुखतंय?"

"हे काय, आठ दिस झालं असतील," अक्षदाची आई ज्ञानेश्वरी म्हणाली. मल्हारी खाली बघत होता.

"चार महिनं," नकुशी म्हणाली. "दिवाळीपासनं. दोन महिनं रोज संध्याकाळी ताप हाय. निजलं की जास्त दुखतंय. वजन उतरलंय. मला ठाऊक व्हतं."

डॉक्टरनं पेन थांबवलं. "तुम्हाला ठाऊक होतं म्हणजे?"

"मी दवाखान्यात शिकले हाय. ही लक्षणं असली तर हात लावायचा न्हाई, असं शिकवलं व्हतं. मी लावला."

खाटेवर अक्षदा पालथी होती. तोंड पलीकडं होतं, पण कान उघडे होते.

बाहेर आल्यावर मल्हारी व्हरांड्यात तिच्या अंगावर धावून गेला. "तूच मोडलीस तिला! रोज पिरगाळून पिरगाळून मणकं मोडलंस! नाव ठेवलं तेच बरोबर हाय तुझं." माणसं गोळा झाली. शेवंतीची पिशवी घेऊन कोण आलं होतं, हे नकुशी सांगू शकली असती. डॉक्टरनंच मध्ये पडून सांगितलं, की हातानं मोडलेलं नाही, हे आतलं दुखणं आहे. "पण दोन महिने आधी आणली असती तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं," एवढं बोलून तो निघून गेला.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी अक्षदानं तिला जवळ बोलावलं.

"तुला कवा कळलं व्हतं?"

"संक्रांतीच्या टायमाला."

"आन् बोलली न्हाईस."

"फोटो काढू म्हणलं व्हतं एकदा."

"एकदा," अक्षदा म्हणाली. "तुम्ही आता जावा."

अक्षदानं तिला तुम्ही म्हटलं ते पहिल्यांदाच.

सर्जेरावांनी निरोप धाडून सोयरीक मोडली. उन्हाळ्यात विक्रमचं दुसरीकडं लग्न झालं. अक्षदाला केंदूरला नेलं. टीबीच्या गोळ्या लागू पडल्या, ताप गेला, अंग भरलं. पण कमरेखाली काही परत आलं नाही. नकुशीचं केंदूरला जाणं बंद झालं, मल्हारीनं तशी ताकीदच दिली होती. शिक्रापुरातही तिनं सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. दारात कुणी मान-पाठ धरून आलं की आधी दवाखान्याचा कागद आणा म्हणायची. बहुतेक जण कपाळाला आठ्या घालून परत जायचे आणि मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जायचे. संपत म्हणाला, "एका चुकीपायी सगळ्यांना कशाला मारतीस?" ती म्हणाली, "मला माझ्या हाताचं भ्या वाटतं."

आठ महिने असे गेल्यावर ज्ञानेश्वरीचा फोन आला. ती आधी नुसती रडली. अक्षदाच्या माकडहाडाशी जखम झाली होती, तळहाताएवढी. आणि पाय आपोआप आखडायचे, गुडघे पोटाशी ओढले जायचे ते सुटायचेच नाहीत; कपडा बदलायचा तर दोन माणसं लागायची. "ताई, माझ्याच्यानं तिला वळवणं हुत न्हाई. ह्यांना मी सांगिटलंय, तुम्ही आल्या तर आडवं यायचं न्हाई."

जाण्याआधी नकुशी पुण्याच्या त्याच धर्मादाय दवाखान्यात जाऊन दोन दिवस नर्सच्या मागं मागं फिरली. माणसाला कसं वळवायचं, उशा कुठं लावायच्या, जखम कशी धुवायची, सगळं विचारून घेतलं. सुलक्षणाबाई केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या. भेटल्या असत्या तर काय सांगायचं, हेही तिला सुचलं नव्हतं.

केंदूरच्या घरात खाट ओसरीच्या आतल्या अंगाला होती. अक्षदानं तिच्याकडं बघितलं. चेहरा सुजल्यासारखा, केस कापून टाकलेले.

"माफी मागाया आला असाल तर मला जमणार न्हाई," ती म्हणाली. "पाय सरळ करता येत असतील तर करा."

नकुशी खाटेवर बसली. एक हात गुडघ्याखाली घातला, एक टाचेखाली. पाय धनुष्यासारखा ताणलेला. ती ओढत नव्हती. आखडत होता तिकडंच त्याला थोडं जाऊ दिलं, आधार दिला, थांबली. पण इथं आठवण करून द्यायला पलीकडं कुणी नव्हतं. "सोड" म्हणायचं कुणाला? निरोपाची वाटच तुटलेली. तरी बऱ्याच वेळानं पाय तिच्या हातात जड झाला आणि खाली आला. तिनं दुसरा घेतला. तासाभरात दोन्ही पाय सरळ पडले. ज्ञानेश्वरीनं पटकन कपडा बदलला, जखम धुतली. नकुशी पाबळ रोडला जीप धरायला निघाली, तोवर पाय पुन्हा वळायला लागले होते.

तरी ती मंगळवारी आणि शनिवारी जाते. मल्हारी तिची चाहूल लागली की मळ्यात निघून जातो. अक्षदा जास्त बोलत नाही. एकदा म्हणाली, "तुम्ही हात कुठं ठेवलाय ते मला कळत न्हाई. बोलून दाखवत जावा." तेव्हापासून नकुशी सांगत राहते: आता घोट्याखाली धरलंय, आता पोटरीला, आता गुडघा वाकवते. कुणाला तरी चालता चालता रस्ता सांगावा तसं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी उजव्या पायाचा अंगठा हलला. ज्ञानेश्वरी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं ते पाहिलं आणि सूप टाकून किंचाळलीच. "हलला! अगं देवा, हलला! अक्षे, तू हलवलास व्हय गं?" शेजारच्या बाया धावत आल्या. मळ्यातून नुकताच परतलेला मल्हारी, नकुशी तिथं असताना पहिल्यांदाच, आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. सगळ्यांच्या नजरा नकुशीवर खिळल्या.

तो पाय नकुशीच्या हातात होता. आपणहून हलवलेलं अंग हाताला कसं लागतं आणि नुसता झटका कसा लागतो, हे तिनं झोपेतही ओळखलं असतं. मल्हारीचे डोळे तिच्या तोंडावर होते, आणि ते एकच मागत होते.

"ह्यो झटका हाय," नकुशी म्हणाली. "ती हलवत न्हाई. आपोआप हुतंय."

ज्ञानेश्वरी सांडलेले तांदूळ सुपात भरायला लागली. मल्हारी बाहेर गेला. शेजारणी पांगल्या.

"मला बी वाटलंच," अक्षदा छताकडं बघत म्हणाली. मग म्हणाली, "डावा ऱ्हायलाय."

नकुशीनं उशी सरकवली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन डाव्या टाचेखाली हात घातला.